एकपट

लेम्स्टर लिहिताना भलतंच लिहितात,
तशी या दुकानाची पाटी: बाहेर गळ आणि आमिष,
आत भिंतभर बंदुका, साखळीत ओवलेल्या.
प्रोबर्टसाहेबांनी ह्यांची काठी पाहिली,
माझी सलवार, तिच्यावरचा रेनकोट पाहिला
आणि विचारलं, कोल्हे की ससे?
मी म्हटलं, मागच्या अंगणातला हेजहॉग.
खोटं नव्हतं. अर्धं होतं.

घरात निशिकांत नावाचा माणूस
आणि दिवेलागण झाली की त्याला उंबरा दिसत नाही.
नाव पंचांग पाहून ठेवलेलं. पंचांगाचा काय दोष.
रोज रात्री बशीत मांजराचं खाणं ठेवतात,
दाराशी बसून त्याचं मचमच खाणं ऐकतात.

पर्समध्ये एकशेऐंशी पौंड,
केअर होममधल्या शनिवारच्या जादा पाळ्यांचे.

पहिली दुर्बीण जुनी रशियन, वापरलेली, नव्वदला.
कानाशी डासासारखी गुणगुणते,
कडेकडेने जग वाकवते,
आणि मधोमध दोन काळे ठिपके.
सवय होते ठिपक्यांची, प्रोबर्ट म्हणाले.
मला डॉक्टरांनी दाखवलेला फोटो आठवला,
ह्यांच्या डोळ्याचा पडदा, शाई शिंतडल्यासारखा.
ठिपके घरचे आहेत, मी मराठीत म्हटलं.
हे हसले. प्रोबर्टही हसले, न कळून.

दुसरी ऊब पाहते. चौदाशे.
नुसती हातात दिली, सराफ पाटली देतो तशी.
तिच्यात गाय म्हणजे ज्योत, माणूस म्हणजे ज्योत,
पण खिडकीच्या काचेपलीकडे ती आंधळी,
आणि फरशी नि पायरी सारख्याच गारठल्या
की दोन्ही एकच.
आमचं भांडण तर पायरीशीच.

तिसरी डिजिटल, पाचपट मोठं दाखवणारी.
कमी करता येईल? मी विचारलं.
कमी मागणारं गिऱ्हाईक
बहुधा या काउंटरने पाहिलं नव्हतं.
अहो, पाचपट जवळ आलेल्या पायरीवर
माणूस पाचपट लवकर पाय टाकतो.
आम्हाला एकपट हवं.
जे जिथे आहे, तिथेच असलेलं.

बराच वेळ खण उघडत, ढकलत राहिले.
मग निघाली एक. खोका फाटका,
कुणीतरी परत केलेली, निराश होऊन.
एकशेचाळीस. चार सेल, चार्जर वेगळा.

भर दुपारी अंधार कुठून आणायचा?
त्यांनी आम्हाला मागच्या गोदामात नेलं,
दिवा घालवला, दार ओढून घेतलं.
आमिषांचा ओला वास.
आधी तू बघ, हे म्हणाले.

मी डोळ्याला लावली
आणि राखेच्या रंगाच्या उजेडात समोर हे,
हात पुढे, बोटं पसरलेली,
गोदामातली हवा चाचपत,
आणि चेहऱ्यावर ते,
जे उजेडात मला कधीच दाखवलं नाही.
बावीस वर्षं अंधारात त्यांचा दंड धरला मी.
चेहरा पाहिला नव्हता.
मलाही कुठे दिसत होतं.

दिसतंय का गं काही?
दिसतंय, म्हटलं. घासाघीस करू या.

एकशेबत्तीसला सुटली.
चार्जरसाठी मात्र प्रोबर्ट हटून बसले, सात पौंड,
माझं इंग्रजी तेवढ्यावर संपलं.

रात्री हे बाहेर, दुर्बीण डोळ्याला.
स्वयंपाकघरातला दिवा बंद करून
मी दाराशी आले, भिंतीला धरून.
पायरी आहे, जपून, हे म्हणाले,
माझ्याकडे न वळता.
मी बसले. मला फक्त मचमच ऐकू येत होती.

इवलासा आहे गं, हे कुजबुजले,
आवाजावरून केवढा मोठा वाटायचा.